फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर? भांडुपच्या एका आईला उत्तर

भांडुपहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी ७ वर्षांची, दोन वर्षांपासून फिट येतात, रोजचं सिरप सकाळ-संध्याकाळ चालू आहे. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला, पाच मिनिटांत थांबली नाही तर द्या म्हणाले, आणि ओपीडीत पुढचा पेशंट आत आला. केमिस्टने रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहून घेतला आणि म्हणाला हे नशेचं औषध आहे, सांभाळून ठेवा, म्हणून स्प्रे गेला कपाटाच्या लॉकरमध्ये. गेल्या महिन्यात रात्री तापात मोठी फिट आली. स्प्रे बाहेर काढला पण श्वास बंद पडला तर काय या भीतीने हात पुढे गेलाच नाही, सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरत होत्या, नवरा रिक्षा आणायला धावला, एलबीएस रोडला ट्रॅफिक, आणि शेवटी हॉस्पिटलात इंजेक्शन दिल्यावर फिट थांबली. नवऱ्याच्या मोबाइलमधल्या कॉलच्या वेळा जुळवल्यावर कळलं की वीस मिनिटांच्या वर झाली होती. मुलगी आता बरी आहे, शाळेत जाते. आईला विचारायचंय की मी स्प्रे दिला नाही म्हणून तिचं काही नुकसान झालं का, तो घरी देणं सेफ आहे का, शाळा स्प्रे ठेवायला नाही म्हणते तर काय करू, आणि सासूबाई म्हणतात शाळेत सांगितलंसच कशाला, मुलीची जात आहे, उद्या लग्नाचं काय.

ताई, मी बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, त्यामुळे जे सांगते ते तिथलं बघितलेलं आणि नंतर वाचलेलं असं दोन्ही आहे, पण तुमच्या मुलीचा डोस आणि वेळ तिचे डॉक्टरच ठरवतील हे आधी सांगून ठेवते.

पहिलं नुकसानाचं. फिटच्या बाबतीत ५ मिनिटांचा आकडा उगाच कोणी ठरवलेला नाहीये. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी ही जगभरातल्या एपिलेप्सीच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, डॉक्टरांची संघटना, त्यांनी २०१५ साली नीट लिहून ठेवलंय की हातपाय झटकणारी मोठी फिट ५ मिनिटं चालली की ती आपली आपण थांबेल अशी आशा धरायची नाही, औषध द्यायचं, आणि ३० मिनिटांच्या पुढे गेली की मेंदूवर कायमचा परिणाम व्हायची भीती वाढते. तुमची मुलगी या दोन आकड्यांच्या मध्ये होती. परत कधी असं होऊ नये इतकी ती वेळ वाईट होती हे खरं, पण ती उठली, तुम्हाला ओळखलं, पहिल्यासारखी बोलतेय, खेळतेय, शाळेत जातेय, ही सगळी चांगली लक्षणं आहेत. तरी मनात शंका राहिली असेल तर पुढच्या फॉलोअपला स्पष्ट विचारा, बोलण्यात, चालण्यात, अभ्यासात काही फरक वाटतो का ते तिथे सांगा. आणि तुमचा हात पुढे गेला नाही यात मला नवल वाटत नाही, कारण तो स्प्रे कसा मारायचा हे तुम्हाला कोणी एकदाही करून दाखवलेलं नव्हतं. अशा औषधाचं नुसतं प्रिस्क्रिप्शन हातात देऊन आईला घरी पाठवणं हे मला अजिबात पटत नाही.

आता श्वासाची भीती. ही भीती खोटी नाहीये. मिडाझोलामने झोप येते, डोस जास्त झाला किंवा झोपेची दुसरी औषधं पोटात असली तर श्वास मंद होऊ शकतो, म्हणून तर वजनावरून डोस काढतात. पण त्या रात्री हॉस्पिटलात जे इंजेक्शन दिलं तेही बहुतेक याच घराण्यातलं होतं. म्हणजे तेच काम करणारं औषध तुमच्या हातात होतं आणि ते मिळायला मधला सगळा वेळ रिक्षात गेला. दुसरं असं की न थांबणारी फिट स्वतःच श्वास बिघडवते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक अभ्यास झाला होता, २००१ साली छापून आला, तो मोठ्या माणसांवर होता आणि औषध अँब्युलन्समधल्या स्टाफने शिरेतून दिलं होतं, त्यामुळे तो जसाच्या तसा आपल्याला लागू करायचा नाही, पण त्यात दिसलं ते हे की ज्यांना याच घराण्यातलं औषध दिलं त्यांच्यात वाटेत श्वासाचे किंवा बीपी-हृदयाचे त्रास साधारण १० टक्के लोकांना झाले आणि ज्यांना नुसतं पाण्याचं इंजेक्शन दिलं त्यांच्यात २२ टक्क्यांहून जास्त लोकांना. औषधाला घाबरून थांबणं हे सेफ वाटतं, पण ते सेफ नसतं.

आणि उशीर केला की हे औषध लागू पडायचं प्रमाणही कमी होतं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते पेशींना शांत करतं, आणि मिडाझोलाम त्या गाबाचं काम वाढवून देतं. फिट लांबत गेली की गाबा जिथे जाऊन काम करतं त्या पेशीवरच्या जागा हळूहळू आत ओढल्या जातात, मग औषधाला धरायला जागाच कमी उरते. म्हणून पाचव्या मिनिटाला जो डोस पुरतो तो विसाव्या मिनिटाला पुरेलच असं नाही, मग हॉस्पिटलात दुसरं, तिसरं औषध लावत बसावं लागतं.

उलट बाजूही सांगते, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही फिट सुरू होताच घाबरून स्प्रे माराल. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात आणि त्यांना स्प्रे लागत नाही. त्यामुळे घड्याळ बघणं हेच तुमचं पहिलं काम. समोर पोर झटके देतंय तेव्हा एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, आणि कधी उलटंही होतं, तुमच्या घरी झालं तसं, वीस मिनिटं गेली आणि कुणाला पत्ताच नाही. मोबाइलवर टायमर लावा किंवा भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते मोठ्याने बोला म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी लक्षात राहील. तुमच्या मुलीला एकदा लांबलेली फिट आलेली आहे, त्यामुळे डॉक्टर कदाचित पाच मिनिटांच्या आधीच द्या म्हणतील, किंवा एका दिवसात इतक्या फिट आल्या तर द्या असंही सांगतील, ते विचारून घ्या आणि त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या.

फिट चालू असताना तिला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, गळ्याजवळचं बटण सैल, चष्मा असेल तर काढायचा, आसपासचं टेबल-खुर्ची बाजूला. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, रोजचं सिरपसुद्धा नाही, ते घशातून फुप्फुसात जाऊ शकतं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. जीभ गिळली जाते असं लोक सांगतात पण जीभ गिळली जात नाही, चावली जाऊ शकते आणि ती नंतर बरी होते, चमच्याने तुटलेला दात मात्र श्वासनलिकेत जाऊ शकतो.

वेळ झाली की स्प्रे. नाकात शेंबूड किंवा फेस असेल तर आधी रुमालाने पुसा, कारण औषध नाकाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, शेंबडात अडकलं तर जाणार कसं. बाटली शक्य तेवढी उभी धरायची, टोक नाकपुडीत अगदी थोडं आत, आणि डॉक्टरांनी सांगितलेले स्प्रे दोन्ही नाकपुड्यांत अर्धे अर्धे वाटून द्यायचे. नवीन बाटली असेल तर पहिले काही स्प्रे हवेत मारावे लागतात, फवारा नीट येईपर्यंत, हे तुम्ही बाटली आणली त्याच दिवशी करून ठेवायचं, किती ते आतल्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि बरेच दिवस वापरली नसेल तर परत मारावे लागतात का तेही तिथेच बघा. नाकात जरा झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं, ते चालतं. त्यानंतर परत कुशीवर, आणि शेजारी बसून छाती वर-खाली होतेय का ते बघत राहायचं. साधारण काही मिनिटांत झटके कमी व्हायला लागतात आणि मग ती गाढ झोपते, घोरल्यासारखा आवाज येतो, अंग ढिलं पडतं. पूर्ण जागी होईपर्यंत खायला-प्यायला द्यायचं नाही. दुसरा डोस स्वतःच्या मनाने द्यायचा नाही, कागदावर लिहिला असेल तरच.

एक गोष्ट आयांना कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. झटके थांबले म्हणजे फिट थांबलीच असं दरवेळी नसतं. अंग शांत आहे पण डोळे एका बाजूला ओढलेले आहेत, किंवा ओठाचा कोपरा, एखादं बोट एका तालात हलतंय, तर आत फिट चालू असू शकते, तेव्हा टायमर बंद करू नका. घरात दुसरं माणूस असेल तर त्याने व्हिडिओ काढावा, डॉक्टरांना त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून जे कळतं ते आपल्या अर्ध्या तासाच्या सांगण्यातून कळत नाही.

आता बाटली हातात घ्या आणि वरचं लेबल वाचा, हे आजच करा. आपल्याकडे एका स्प्रेला ०.५ मिलिग्रॅम देणाऱ्या बाटल्या मिळतात आणि १.२५ मिलिग्रॅम देणाऱ्याही मिळतात. समजा डॉक्टरांनी पहिल्या बाटलीचे ५ स्प्रे सांगितले, म्हणजे अडीच मिलिग्रॅम, आणि पुढच्या वेळी केमिस्टने 'तेच आहे, कंपनी वेगळी' म्हणून दुसरी बाटली दिली आणि तुम्ही सवयीने ५ स्प्रे मारले तर सव्वासहा मिलिग्रॅम गेलं, अडीच पट. श्वासाची खरी भीती असेल तर ती इथे आहे. म्हणून डॉक्टरांकडून डोस मिलिग्रॅममध्ये आणि स्प्रेच्या आकड्यात असा दोन्ही लिहून घ्या, बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनाने आकडा लिहा, आणि बाटली बदलली की फोन करून विचारल्याशिवाय वापरू नका.

रजिस्टरचं सांगते. मिडाझोलाम सरकारच्या शेड्यूल एच-१ नावाच्या यादीत येतं, त्या यादीतली औषधं विकताना केमिस्टला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं, टीबीची आणि काही अँटिबायोटिक औषधंही त्याच यादीत आहेत. म्हणजे नाव लिहून घेतलं यात तुमच्यावर किंवा मुलीवर काही ठपका नाही. लहान मुलांच्या हाताला लागू नये एवढी काळजी हवीच, पण लॉकर नको. बिल्डिंगच्या जिन्यातलं आगीचं सिलेंडर कोणी सोसायटीच्या ऑफिसात कुलूप लावून ठेवत नाही. मुलगी जिथे झोपते त्या खोलीत वरच्या कप्प्यात एक पाउच, त्यात स्प्रे, रुमाल आणि डॉक्टरांचा कागद, आणि बाहेर जाताना तोच पाउच तुमच्या पर्समध्ये. उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवायचा नाही. एक्सपायरीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.

सासूबाईंचं. कांदा, चप्पल, हातात लोखंडाची किल्ली, हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय, आणि फिट दोन मिनिटांत आपली आपण थांबते तेव्हा श्रेय कांद्याला जातं, त्यामुळे त्यांचा विश्वास बसलाय यात त्यांचा दोष नाही. पण कांदा धरणारा हात नाकाशी असला की स्प्रेला जागा नाही आणि मुलीचा श्वासही कोंडतो. वाद घालू नका, शांत दिवशी त्यांना जवळ बसवा आणि एक काम त्यांच्याकडे द्या, आई, घड्याळ तुमच्याकडे, दर मिनिटाला मला ओरडून सांगा किती झाली. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं, आणि हे काम इतकं महत्त्वाचं आहे की मी असते तर ते घरातल्या सगळ्यात वडील माणसालाच दिलं असतं. जमलं तर पुढच्या फॉलोअपला त्यांनाही घेऊन जा, सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक पडतो, काय करणार.

लग्नाचं त्यांचं बोलणं तुम्हाला लागलंय ते पत्रात दिसतंय. त्यांना एवढं सांगा की पूर्वी हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिटचा लग्नाला आड येणारी गोष्ट म्हणून उल्लेख होता, तो १९९९ साली काढून टाकला. सरकारने पंचवीस वर्षांपूर्वी जे सोडलं ते आपण ७ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर का ठेवायचं. शिवाय बऱ्याच मुलांच्या फिट मोठं होता होता थांबतात, औषधंही डॉक्टर हळूहळू कमी करून बंद करतात, तुमच्या मुलीचं काय होईल ते तिच्या फिटच्या प्रकारावर आहे. पण आज ती रोज चार-पाच तास शाळेत असते, आणि तिथे कोणाला माहीतच नसेल तर वर्गात फिट आल्यावर तिच्या तोंडात पट्टी घालतील, पाणी पाजतील, आणि तुम्हाला फोन येईपर्यंत दहा मिनिटं गेलेली असतील. लपवण्याची किंमत तिला मोजावी लागेल, म्हणून माझं मत विचाराल तर शाळेला सांगितलंत ते अगदी बरोबर केलंत.

शाळा नाही म्हणते त्याचं कारण बहुतेक भीती असते, काही झालं तर आमच्यावर येईल. मग ती भीती कमी होईल असा कागद घेऊन जा. डॉक्टरांच्या लेटरहेडवर मुलीचं नाव, वजन, औषध, डोस, किती मिनिटांनी द्यायचं, कधी अँब्युलन्स बोलवायची, सही-शिक्का, आणि खाली तुम्हा दोघांची लेखी परवानगी. वेळ मागून प्रिन्सिपॉल मॅडमना भेटा, दोघं जा. सगळ्या शाळेला शिकवायची गरज नाही, क्लास टीचर आणि त्या मजल्यावरच्या मावशी, दोघींना कळलं तरी पुरे, आणि खरं सांगू, पोर पडल्यावर आधी पोचतात त्या मावशीच. व्हॅनवाल्या काकांनाही कुशीवर कसं वळवायचं ते दाखवा. एवढं करून शाळेने स्प्रे ठेवायला नाहीच म्हटलं तर निदान तीन गोष्टी लेखी मागा, वेळ बघणार, कुशीवर वळवणार, आणि पाच मिनिटं व्हायच्या आत १०८ ला आणि तुम्हाला फोन करणार. शाळेजवळ राहणारी एखादी मैत्रीण किंवा नातेवाईक असेल आणि ती स्प्रे घेऊन पाच मिनिटांत पोचू शकत असेल तर तिला शिकवून ठेवा, हा काही आदर्श उपाय नाही पण हातात काहीच नसण्यापेक्षा बरा.

१०८ चं आता ठरवून ठेवा कारण त्या क्षणी सुचत नाही. स्प्रे दिल्यावर आणखी पाच मिनिटांत फिट थांबली नाही, शुद्धीवर न येताच दुसरी सुरू झाली, फिट थांबल्यावरही श्वास नीट येत नाहीये किंवा ओठ निळेच आहेत, डोक्याला मार लागलाय, किंवा पाण्यात असताना फिट आली, तर लगेच फोन. स्प्रे आयुष्यात पहिल्यांदा देत असाल तेव्हाही बोलवा, तो तिला कसा मानवतो हे अजून कुणी बघितलेलं नाही. फोन एकाने करायचा आणि स्प्रे दुसऱ्याने द्यायचा, रिक्षा शोधण्यात स्प्रेची वेळ घालवायची नाही. रिक्षाने जावंच लागलं तर मांडीवर मान छातीकडे दुमडून धरू नका, कुशीवर आणि तोंड थोडं खाली, लाळ बाहेर येईल असं. आणि जवळ कुठल्या हॉस्पिटलात रात्री लहान मुलांचे डॉक्टर आणि आयसीयू असतं ते या रविवारी जाऊन विचारून या, पावसाळ्यात सबवे भरला, रस्ता तुंबला की परळपर्यंत जायचा विचारही करता येत नाही. माझ्या मते मुंबईत राहणाऱ्या अशा प्रत्येक मुलाच्या घरी स्प्रे असायला हवा तो याचसाठी, अंतर कितीही कमी असलं तरी वेळ आपल्या हातात नसते.

ताप, उलटीने बाहेर पडलेलं औषध, चुकलेला डोस आणि अपुरी झोप, यांनी फिट ओढवते, म्हणून गणपतीत जागरण असेल तर तिला दुपारी झोपवा आणि गावी जाताना सिरपची एक बाटली जास्तीची घ्या. डोस घेतल्यावर लगेच उलटी झाली तर परत द्यायचा का हेही विचारून ठेवा. स्प्रे आहे म्हणून रोजचं औषध ढिलं करायचं नाही, आणि स्प्रे वारंवार लागायला लागला तर डॉक्टरांना कळवायचं, रोजचं औषध बदलायची वेळ आलेली असू शकते.

पुढच्या अपॉइंटमेंटला रिकामी किंवा एक्सपायर झालेली बाटली घेऊन जा, सिस्टरला म्हणा माझ्यासमोर मारून दाखवा आणि मग मी मारून दाखवते, नवऱ्यालाही मारायला लावा. तिथेच मुलीचं वजन करून घ्या आणि डोस त्या वजनाप्रमाणे आहे ना ते विचारा, कारण प्रिस्क्रिप्शन जुनं आहे आणि सातव्या वर्षी पोरं भराभर वाढतात.